कोणती वस्तू कोणाकडून

एकाच कंपनीचा, एकाच वजनाचा कपड्यांच्या पावडरीचा पुडा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे छापील किमतीला मिळतो आणि डी-मार्टमध्ये वीस-पंचवीस रुपयांनी स्वस्त पडतो. हे पाहिलं की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो वाण्याच्या नफ्याचा. तो जास्त खातो म्हणून आपल्याला महाग पडतं, असं आपण धरून चालतो. हा समज खरा नाही. कुठली वस्तू कुठून घ्यावी हे ठरवायच्या आधी तो मनातून काढायला हवा.

कंपनीचा माल आधी वितरकाकडे येतो. वितरकाचा माणूस आठवड्यातून एकदा दुकानात येऊन ऑर्डर लिहून घेतो, मग टेम्पो माल टाकून जातो. साबण, बिस्किटं, चहा, टूथपेस्ट अशा पॅकबंद मालावर किरकोळ दुकानदाराच्या हातात साधारण आठ ते बारा टक्के उरतात. शंभर रुपयांच्या पुड्यामागे दहा रुपयांच्या आसपास. त्या दहातून गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, हाताखालच्या मुलाचा पगार, उंदरांनी कुरतडलेला आणि मुदत संपलेला माल, वहीत अडकलेली उधारी असं सगळं भागवायचं असतं. पंधरा रुपये सूट तो देऊच शकत नाही, कारण त्याची खरेदीच पंच्याऐंशीच्या वर झालेली असते. डी-मार्टमध्ये एखाद्या वस्तूवर चांगली ऑफर लागली की छोटे दुकानदार स्वतः तिथून माल उचलतात. वितरक ज्या दराने त्यांना माल देतो, त्यापेक्षा तिथला विक्रीचा दर कमी असतो.

मग डी-मार्टला ते परवडतं कसं? राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिलं दुकान काढलं आणि काही गोष्टी धरून ठेवल्या. जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यायची. मोजकेच प्रकार ठेवायचे, म्हणजे माल भराभर संपतो आणि पैसा फडताळावर पडून राहत नाही. सजावटीवर खर्च करायचा नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात दर खाली आणायचा. पैसे आठवड्या-दहा दिवसांत हातात पडत असतील तर पुरवठादार आनंदाने सवलत देतो, कारण एरवी त्याला महिनाभर वाट पाहावी लागते. ही स्वस्ताई खरी आहे आणि ती या रचनेतून आली आहे. गल्लीतला दुकानदार कितीही प्रामाणिक आणि कष्टाळू असला तरी ही रचना त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

या विषम लढाईचा त्रास वितरकांनाही होतो. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. मोठ्या घाऊक साखळ्यांना आणि ॲपवरून दुकानदारांना माल पोचवणाऱ्या कंपन्यांना आपल्यापेक्षा कमी दराने माल मिळतो, अशी त्यांची तक्रार होती. बोलणी होऊन तो वाद मिटला, पण वाण्याच्या मागे उभी असलेली साखळीही किती ताणाखाली आहे ते त्यातून दिसलं.

तेव्हा पॅकबंद मालाच्या भावात वाणी हरणार हे धरूनच चालावं. त्यावरून त्याच्याशी हुज्जत घालणं अन्यायाचं आहे. भावाचा प्रश्न असा बाजूला ठेवला की दुसरा, जास्त उपयोगाचा प्रश्न पुढे येतो. ही वस्तू घेताना तिच्याबरोबर मला आणखी काय लागणार आहे? काही वस्तूंबरोबर काहीच लागत नाही. काहींबरोबर कुणाची तरी नजर लागते, सल्ला लागतो, अर्ध्या तासात बदलून देणारा माणूस लागतो, दहा तारखेपर्यंत थांबणारा माणूस लागतो. माझ्या मते खरेदीचा सगळा निर्णय इथे होतो.

वस्तूची खात्री कागदावर किंवा शिक्क्यावर आलेली असेल तर दुकान कुठलंही चालतं. साबणाची वडी, मिठाची पिशवी, डायपरचं पाकीट, बॅटरीचे सेल यांच्यावर कंपनी, वजन, मुदत आणि कमाल किंमत छापलेली असते. विकणारा त्यात काही घालत नाही आणि काही काढतही नाही. अशी वस्तू सोयीने आणि स्वस्त मिळेल तिथे घ्यावी. मनाला टोचणी लावून घेण्याचं काही कारण नाही.

सोन्याचं उदाहरण इथे बोलकं आहे. पिढ्यान् पिढ्या घराचा सराफ ठरलेला असे, कारण सोन्याचा कस डोळ्यांनी दिसत नाही. सराफाचं नाव हीच खात्री होती. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही. ही खूण बीआयएस केअर ॲपवर टाकून कुणीही तपासू शकतं. शुद्धतेपुरती तरी सराफाच्या नावाची गरज संपली. घडणावळ किती लावतो, मोडीचे पैसे कसे धरतो, बांगडी वाकली तर सरळ करून देतो का, या गोष्टी मात्र अजून माणसाच्याच हातात आहेत. एकाच दागिन्यात खात्रीचा एक भाग शिक्क्याकडे गेला आणि दुसरा दुकानदाराकडे राहिला. इतर वस्तूंकडेही अशी फोड करून पाहिलं की गोंधळ पुष्कळ कमी होतो.

स्वस्त ठिकाणी जातानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. मॉलसाठी आणि ॲपसाठी कंपन्या वेगळ्या वजनांची पाकिटं काढतात, त्यामुळे दोन दुकानांतल्या भावांची सरळ तुलना होत नाही. त्यावर सरकारने सोपा उपाय केला आहे. पाकिटावर एमआरपीच्या जोडीला दर ग्रॅमचा, दर किलोचा किंवा दर मिलिलिटरचा भावही छापावा लागतो. तो बारीक अक्षरात असतो, पण तोच वाचायचा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हा समज या आकड्यापुढे अनेकदा टिकत नाही. शाम्पूच्या बाबतीत तर कित्येकदा उलटं घडतं. वाण्याकडे दोरीला टांगलेल्या एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलिलिटरमागे मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त निघतात.

मोठ्या दुकानाच्या फेरीचाही हिशेब मांडावा. समजा, घराचं महिन्याचं वाणसामान सहा हजारांचं आहे आणि त्यातला साडेतीन हजारांचा माल पॅकबंद आहे. त्यावर आठ टक्के वाचले तर २८० रुपये झाले. जाण्यायेण्याची रिक्षा दीडशेची झाली आणि यादीत नसलेला तीनशेचा माल ट्रॉलीत पडला, तर ती बचत कागदावरच राहिली. ज्या घरात पाच-सहा माणसं आहेत, स्कूटर आहे आणि यादीबाहेर न जाण्याची शिस्त आहे, त्या घराला ही फेरी खरोखर फायद्याची आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाला बहुधा नाही.

दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या ॲपचा हिशेब याहून निसरडा आहे. वस्तूंचे भाव बरे दिसतात, मग शेवटच्या पडद्यावर हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पावसाचं शुल्क अशी भर पडत जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि किंमत टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं या दोन्ही त्यात आहेत. घरात आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, म्हातारी आई चौथ्या मजल्यावर एकटी राहते आणि लिफ्ट नाही, अशा घरांना ही सेवा मोठा आधार आहे, आणि त्यांनी ती वापरावीच. ज्याला खाली उतरून शंभर पावलं चालता येतं त्याने एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी ती का मागवावी, हे मात्र मला पटलेलं नाही.

आता ज्या मालाची खात्री कागदावर येत नाही त्याच्याकडे वळू. सुटी तूरडाळ, नवा-जुना तांदूळ, पोहे, गूळ, मिरची, हळकुंडं. नवा आंबेमोहोर चिकट होतो, जुना मोकळा होतो. डाळ शिजायला किती वेळ घेईल हे तिच्या रंगावरून कळतंच असं नाही. ओळखीचा भुसार दुकानदार सांगतो की हा लॉट जरा ओला आहे, आठ दिवसांनी न्या. त्याला पुढच्या महिन्यातही तुम्हीच गिऱ्हाईक म्हणून हवे असता, म्हणून तो हे सांगतो. ॲपवरच्या विक्रेत्याचं आणि तुमचं नातं त्या एका पाकिटापुरतं असतं.

आंब्याच्या दिवसांत हे फार ठळकपणे दिसतं. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. मानांकन झाडाला आणि जिल्ह्याला आहे, तुमच्या हातातल्या फळापर्यंत ते दर वेळी पोचत नाही. पेटी उघडून दाखवणारा, चार फळं डागी निघाली तर दुसऱ्या दिवशी बदलून देणारा आंबेवाला तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला डझनामागे शंभर रुपये जास्त द्यावेत. ते पैसे फुकट जात नाहीत.

गल्लीतल्या सगळ्या दुकानांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हार्डवेअरचं दुकान. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागतो. घरातलं कुणीतरी नळ उघडून आतला तुकडा हातात घेऊन दुकानात जातं. तो अर्ध्या इंचाचा की पाऊण इंचाचा, त्याला काय म्हणतात, कुठल्या कंपनीच्या नळाचा, यातलं काहीही माहीत नसतं. दुकानदार तो तुकडा बोटांत फिरवून पाहतो आणि विचारतो, "नळ बंद केल्यावर ठिबकतो की दांड्यातून पाणी येतं?" तुम्ही सांगता. मग तो सांगतो की वायसर ठीक आहे, स्पिंडल गेलाय. किंवा उलट, स्पिंडल बदलायची गरज नाही, पाच रुपयांचा वायसर टाका, नाहीच थांबलं तर परत या. टेफ्लॉन टेप घरी आहे का, हेही विचारतो. नसेल तर ती कुठल्या दिशेने गुंडाळायची तेही हाताने करून दाखवतो.

हे ज्ञान कुठल्याही पडद्यावर शोधून सापडत नाही, कारण शोधायला लागणारा शब्दच गिऱ्हाइकाजवळ नसतो. ॲपवर वायसर मिळतो, पण दहाच्या पाकिटात, आणि आपल्या नळाला तो बसेलच याची शाश्वती नाही. दुकानदाराने दिलेल्या सल्ल्याने कित्येकदा प्लंबरच्या फेरीचे तीनशे-चारशे रुपये वाचतात. या सगळ्याचे त्याला मिळतात दोन रुपये. मग हे दुकान चालतं कशावर? रंगाच्या डब्यांवर, पाइपांवर, शॉवरवर, कुलपांवर, गिझरच्या जोडणीच्या सामानावर. मोठ्या वस्तूंवरच्या कमाईतून तो छोट्या वस्तूंचा सल्ला फुकट देतो. हा सल्ला बिलात कुठेही दिसत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य आहे असं आपण समजतो. गल्लीतल्या सगळ्यांनी शॉवर, कुलपं आणि रंग ऑनलाइन मागवले आणि फक्त वायसरसाठी त्याच्याकडे गेले, तर त्या दुकानाच्या जागी दोन वर्षांत मोबाइलच्या कव्हरचं दुकान दिसेल. मग पाच रुपयांच्या कामाला शहरात हिंडावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्या दुकानाच्या ज्ञानाची आपल्याला अडीअडचणीला गरज पडते, त्याच्याकडून मोठी वस्तूही घ्यावी. मिक्सर दुरुस्त करून देणाऱ्याकडून मिक्सर घ्यावा. पंखा बसवून देणाऱ्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पंखा घ्यावा. सायकलच्या दुकानात जाऊन मुलाची उंची मोजून घ्यायची, तीन सायकली चालवून पाहायच्या, मॉडेलचा फोटो काढायचा आणि घरी येऊन ती फोनवर मागवायची, ही रीत मला स्वच्छ वाटत नाही. त्या माणसाचा अर्धा तास आपण वापरलेला असतो आणि त्याचे पैसे भलत्यालाच दिलेले असतात.

पुस्तकांच्या दुकानांबाबत फ्रान्सने हा प्रश्न थेट कायद्याने सोडवला. तिथले सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या पुढाकाराने १९८१ मध्ये कायदा झाला. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कुठल्याही विक्रेत्याला त्यावर पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. पुढे ऑनलाइन विक्रेते घरपोच पाठवण्याचा खर्चच घेईनासे झाले, तेव्हा तोही रस्ता बंद करण्यात आला. ऑक्टोबर २०२३ पासून पस्तीस युरोंच्या आतल्या पुस्तकखरेदीवर किमान तीन युरो टपालखर्च घ्यावाच लागतो. भावाची स्पर्धाच संपल्यामुळे तिथली छोटी दुकानं निवड, सल्ला आणि गप्पा यांवर उभी राहू शकतात. आपल्याकडे असा कायदा नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात एखादा जाणकार विक्रेता तुमच्या मुलीचं वय आणि आवड विचारून पाच पुस्तकं पुढे ठेवतो, तेव्हा त्यातलं निदान एक तिथेच विकत घेणं ही जबाबदारी सर्वस्वी वाचकावर येते.

औषधांचं दुकान हा नाजूक विषय आहे. तिथे मी दोन भाग करतो. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची रोजची गोळी वर्षानुवर्षं तीच असते. डॉक्टरांनी ती ठरवून दिलेली असते आणि तिच्यासाठी दर महिन्याला सल्ला लागत नाही. ती डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून जेनेरिक घेतली तर खर्च निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. ही केंद्रंही बहुतेक छोटे दुकानदारच चालवतात. पण रात्री दहा वाजता मुलाला एकशे तीन ताप चढतो, किंवा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांत एकच औषध वेगळ्या नावाने आलेलं असतं, तेव्हा जवळच्या केमिस्टची नजर लागते. चांगला फार्मासिस्ट सांगतो की हे दोन्ही एकच आहे, डॉक्टरांना फोन करा. असा माणूस आपल्या भागात असेल तर तापाची, खोकल्याची, जखमेची औषधं त्याच्याकडूनच घ्यावीत.

स्थानिक दुकानाची बाजू घेताना एक युक्तिवाद नेहमी केला जातो की तिथे दिलेला पैसा गावातच फिरतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००२ मध्ये सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने याचा हिशेब केला. बॉर्डर्स या साखळीच्या पुस्तकदुकानात शंभर डॉलर खर्च केले तर शहराच्या अर्थव्यवहारात १३ डॉलर फिरत. तेच शंभर डॉलर गावातल्या स्वतंत्र पुस्तक आणि संगीताच्या दुकानांत खर्च केले तर ४५ डॉलर फिरत. हा आकडा जगभर सांगितला जातो. आपल्या किराणा दुकानाला तो जसाच्या तसा लावला की मात्र फसगत होते. वर पाहिलं तसं, वाण्याकडे घेतलेल्या शंभर रुपयांच्या पुड्यातले नव्वद रुपये कंपनीकडे आणि वितरकाकडेच जातात. गावात राहतात ते दहा.

या हिशेबाने पाहिलं तर दुकान स्थानिक असण्यापेक्षा काम स्थानिक असणं जास्त मोलाचं ठरतं. पिठाच्या गिरणीत दिलेले दळणाचे पैसे जवळजवळ सगळेच गावात राहतात. शिंपी, चांभार, घड्याळदुरुस्तीवाला, गल्लीतली बेकरी, पोळी-भाजी केंद्र, बचतगटाच्या बायकांनी कांडलेला मसाला, लाटलेले पापड, कुरडया यांच्याबाबतही तेच. पॅकबंद पीठ वाण्याकडून घेणाऱ्यापेक्षा गहू मॉलमधून घेऊन गिरणीत दळून आणणारा माणूस आपल्या वस्तीला जास्त देतो. महिन्याला दोनशे-तीनशे रुपयेच जास्तीचे खर्च करता येत असतील, तर ते मी अशा कामाच्या माणसांकडे वळवीन.

मोठ्या दुकानांनी छोटी दुकानं बुडवली का, हा प्रश्न केंद्र सरकारनेही विचारला होता. त्यासाठी दिल्लीच्या इक्रिअर संस्थेने केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठं दुकान शेजारी आलं की छोट्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटतो, पुढे तो परिणाम सौम्य होत जातो, असं त्यात दिसलं. वर्षाला साधारण ४.२ टक्के छोटी दुकानं बंद पडत होती. त्यातली मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे बंद पडणारी १.७ टक्के होती. मला त्यातला आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. मोठ्या दुकानांतून होणारी बचत सगळ्या उत्पन्नगटांना मिळत होती आणि कमी उत्पन्नाच्या ग्राहकांची बचत तुलनेने जास्त होती. हा अभ्यास ॲपच्या जमान्याआधीचा आहे हे लक्षात घेऊनही तो विसरता येत नाही. पंधरा हजारांत घर चालवणारी बाई महिन्याच्या एका रविवारी डी-मार्टच्या रांगेत उभी राहते, तेव्हा ती तिच्या मुलांच्या ताटात काहीतरी वाढवत असते. स्थानिक दुकानाच्या प्रेमापोटी तिला कुणी उपदेश करू नये. तीच बाई महिनाअखेरीला वाण्याकडून पाव किलो साखर आणि दहा रुपयांचं तेल वहीत लिहून नेते. बिनव्याजाची ही उधारी तिला दुसरं कुणी देणार नाही. तिचं दोन्हीकडे जाणं शहाणपणाचं आहे.

छोटं दुकान म्हणजे आपोआप चांगलं दुकान असंही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातले कामाचे तास, रजा, सुट्टी यांचे नियम ठरावीक संख्येएवढे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू होतात. तीन माणसांच्या दुकानातला मुलगा या संरक्षणाबाहेर राहतो. तो किती तास उभा असतो, त्याला सुट्टी मिळते का, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतं, आणि त्यावरून दुकान निवडायला हरकत नाही. बिल मागितलं की तोंड वाकडं करणारा, मुदत संपलेला माल पुढे सरकवणारा, एमआरपीवर 'कूलिंग'चे दोन रुपये लावणारा दुकानदार केवळ जवळचा आहे म्हणून आपल्या पैशाला पात्र ठरत नाही. भिंतीवर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असली तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वेगळं सांगतो. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. हा नियम ॲपला लागू आहे आणि गल्लीतल्या दुकानालाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

चांगल्या दुकानाची खरी किंमत अडचणीच्या दिवसांत कळते. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली तेव्हा पहिले काही दिवस ॲपवर सामान पोचवण्याची वेळच मिळत नव्हती. गोदामं बंद होती, पोचवणारी मुलं अडकली होती. दुकानदार मात्र अर्धं शटर वर करून बसले. कुणाच्या घरी लहान मूल आहे, कुणाला मधुमेह आहे हे त्यांना माहीत होतं. माल कमी होता तेव्हा एका घराला दोनच किलो असा नियम त्यांनी स्वतःच केला, म्हणजे सगळ्यांना पुरावं. घरी येणारी ऑर्डर परत सुरळीत झाल्यावर त्यातल्या कितीजणांचं गिऱ्हाईक टिकलं, हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या सोसायटीत विचारण्यासारखा आहे. अडीअडचणीचं दुकान एरवीच्या महिन्यांतल्या गल्ल्यावर जगतं.

मॉल, ॲप आणि वाणी यांच्या पलीकडचा एक रस्ता महाराष्ट्राने पूर्वीच पाडून ठेवला आहे. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजारची सुरुवात झाली, ग्राहकांच्या सहकारी मालकीचं दुकान म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यात वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सहकारातून वारणा बाजार निघाला आणि शहरासारखं मोठं दुकान खेड्यातल्या माणसाला मिळालं. १९७० च्या दशकात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या सुरुवातीच्या मंडळींत संगीतकार सुधीर फडके होते. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ होतो, सगळ्यांच्या याद्या एकत्र होतात, माल उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून थेट घेतला जातो आणि सदस्यच तो वाटून घेतात. घाऊक दराचा फायदा त्यांना मॉलशिवाय मिळतो, फक्त त्यासाठी महिन्यातला थोडा वेळ आणि शेजाऱ्यांशी बोलण्याची तयारी लागते. कित्येक सोसायट्यांत व्हॉट्सॲपच्या गटावर आंब्याच्या पेट्या, इंद्रायणी तांदूळ, सेंद्रिय गूळ थेट शेतकऱ्याकडून मागवला जातो, तो याच जातीचा व्यवहार आहे. तो आणखी वाढायला हवा असं मला मनापासून वाटतं.

वाण्याशीही असं बोलता येतं, आणि ते फार थोडे लोक करतात. त्याला सुटा माल विकण्यापेक्षा महिन्याची पूर्ण यादी एकदम विकणं परवडतं, कारण त्याचा पैसा लगेच मोकळा होतो आणि वितरकाकडून स्कीमचा माल घेता येतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळी यादी त्याच्या हातात द्यावी, पैसे लगेच रोख किंवा यूपीआयने देईन म्हणून सांगावं आणि विचारावं, "शेठ, पूर्ण यादीवर काय लावाल?" डाळ, तांदूळ, साखर, रवा या सुट्या मालावर त्याला सवलतीला जरा जास्त जागा असते. पॅकबंद मालावर दोन-तीन टक्क्यांहून जास्त मागू नये. घरी पोचवणं, डाळीला कीड लागली तर बदलून देणं आणि मधल्या पंधरवड्यात काही संपलं तर एका हाकेवर पाठवणं हे त्याने कबूल केलं, तर मॉलशी राहिलेला दीड-दोनशेचा फरक या कामाचा मोबदला म्हणून द्यायला हरकत नाही. त्याने नकार दिला, तर पॅकबंद मालाची यादी वेगळी काढून स्वस्त ठिकाणी न्यावी आणि सुटा माल त्याच्याकडे ठेवावा. हेही त्याला तोंडावर सांगावं. अनेक दुकानदार एवढं ऐकल्यावर पुढच्या महिन्यात स्वतःहून दर खाली आणतात, कारण गिऱ्हाईक नेमकं कशासाठी दुसरीकडे जातं हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलंच नसतं.